हिबिकी हार्मनी उघडलीत, आता ती चाखायची कशी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की भावाने टोकियोहून येताना हिबिकी जपानीज हार्मनी, सनटोरी या जपानी कंपनीची ब्लेंडेड व्हिस्की, आणली, तुम्ही ती जाड बुडाच्या ग्लासात भरपूर बर्फावर ओतून मसाला शेंगदाण्यांबरोबर प्यायलात, गुळगुळीत लागली पण "यात एवढं काय आहे" ते काही कळलं नाही, आणि वर लॅफ्रोइग ही धुराच्या वासाची स्कॉच पिणारा मित्र म्हणाला की ब्लेंड म्हणजे शेवटी मिसळामिसळीच, त्यापेक्षा सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीतली फक्त माल्टची व्हिस्की, मागवायचीस. तर पैसे फुकट गेले का, आणि गेले नसतील तर ही चाखतात कशी.

फुकट नाही गेले. मी बरीच वर्षं हॉटेल-बारच्या स्टाफला व्हिस्की शिकवतोय आणि हा प्रश्न जवळपास प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच. जे लोक पीटवाल्या (पीट म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, तिच्या धुरावर बार्ली वाळवतात), धूर मारणाऱ्या माल्टवरून ब्लेंडकडे येतात ते यात एखादी ठसठशीत चव शोधत बसतात, आणि ती सापडत नाही कारण ती तिथे ठेवलेलीच नसते. जपानी ब्लेंडमध्ये बघायचं असतं ते एक चव संपून दुसरी कुठे सुरू होते ते, आणि पाणी घातल्यावर हा सगळा डोलारा उभा राहतो की कोसळतो ते. पाण्याचं विशेष महत्त्वाचं आहे, त्यावर खाली भरपूर लिहितो.

आधी "ब्लेंड म्हणजे भेसळ" हे डोक्यातून काढू. आपल्याकडे हा समज पक्का व्हायला कारण आहे. भारतात व्हिस्की म्हणून जे विकलं जातं त्यातल्या बऱ्याच स्वस्त ब्रँडमध्ये मळीपासून काढलेलं स्पिरिट असतं, त्यात थोडी माल्ट किंवा थोडी स्कॉच घातलेली असते, आणि लेबलवर ब्लेंडेड असं लिहिलेलं असतं. त्यामुळे ब्लेंड हा शब्द ऐकला की आपल्याला पाणचट काहीतरी आठवतं. हिबिकीत मळी-बिळी काही नाही. माल्ट व्हिस्की, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीची, तांब्याच्या पॉट स्टिलमधून, म्हणजे हंड्यासारख्या गाळायच्या भांड्यातून, काढलेली, आणि ग्रेन व्हिस्की, म्हणजे मुख्यतः मक्याची, उंच कॉलम स्टिलमधून काढलेली, अशा दोन जाती, आणि दोन्ही लाकडी पिंपात मुरवलेल्या. सनटोरी सांगते की हार्मनीत किमान दहा माल्ट आणि ग्रेन व्हिस्की आहेत आणि पाच प्रकारची पिंपं वापरली आहेत. आपली थालीपिठाची भाजणी असते ना, प्रत्येक धान्य वेगवेगळं, त्याच्या त्याच्या मानाने भाजायचं आणि मग एकत्र दळायचं, साधारण तोच हिशोब आहे, सगळं एकदम कढईत टाकलं तर काही जळतं आणि काही कच्चं राहतं.

या दहा कुठून येतात ते माहीत असलं की ग्लासात काय शोधायचं ते सोपं होतं. तीन डिस्टिलरी आहेत, तिन्ही सनटोरीच्या. पहिली यामाझाकी, क्योतो आणि ओसाकाच्या मधे, जिथे कात्सुरा, उजी आणि किझू या तीन नद्या एकत्र येतात, दमट आणि धुकट जागा, बांधकाम १९२३ ला सुरू झालं. इथून फळांचा, जाड, गोडसर भाग येतो. दुसरी हाकुशू, यामानाशी प्रांतात डोंगरात जंगलामध्ये, साधारण ७०० मीटर उंचीवर, १९७३ ची. हिच्यातून हिरवा, पुदिन्यासारखा गारवा आणि कधीकधी अगदी बारीक धूर. तिसरी चिता, नागोयाच्या खालच्या द्वीपकल्पावर समुद्राकाठी, १९७२ ची, इथे फक्त ग्रेन व्हिस्की. लोक चिताला अजिबात भाव देत नाहीत आणि माझ्या मते हिबिकी कळण्याची किल्ली तिथेच आहे. चितामध्ये एकाच प्रकारचं ग्रेन काढत नाहीत, दोन, तीन किंवा चार कॉलममधून नेऊन जड, मध्यम आणि हलकं असं तीन वजनाचं काढतात. म्हणजे ब्लेंडरच्या हातात नुसतं पातळ करायचं साधन नसतं, कुठे किती जाडी ठेवायची ते ठरवायचं साधन असतं.

आता एक गंमत बघा. स्कॉटलंडमध्ये ब्लेंड बनवणारी कंपनी दुसऱ्या कंपन्यांकडून माल्ट घेते, अदलाबदल करते, तिथे शंभराच्या वर डिस्टिलरी आहेत त्यामुळे चालून जातं. जपानमध्ये मोठ्या कंपन्या एकमेकींना माल देत नव्हत्या, सनटोरीचं सनटोरीकडे आणि निक्का या दुसऱ्या मोठ्या कंपनीचं निक्काकडे. मग ब्लेंडला लागणारी विविधता आणायची कुठून? तर एकाच डिस्टिलरीत वेगवेगळ्या आकाराच्या स्टिल ठेवल्या, यीस्ट वेगळं वापरलं, काही बार्ली पीटवर वाळवलेली आणि काही साधी, पिंपं अमेरिकन ओकची, शेरी या स्पॅनिश वाइनची, जपानी ओकची. त्यामुळे नुसतं यामाझाकी म्हटलं तरी आत बऱ्याच वेगवेगळ्या व्हिस्की असतात. सिंगल माल्ट डोक्यावर घेणाऱ्या तुमच्या मित्राला हे जरूर सांगा, की यामाझाकीची सिंगल माल्टसुद्धा एकाच डिस्टिलरीतल्या अशा बऱ्याच पिंपांचं मिश्रणच असते. ब्लेंडरच्या हाताखालून दोन्ही जातात.

इतिहास फार सांगत नाही, पण एवढा हवा. शिंजिरो तोरीई हा वाइन विकणारा ओसाकाचा माणूस, सनटोरीचा संस्थापक, आणि मासाताका ताकेत्सुरू हा १९१८ ला स्कॉटलंडला जाऊन व्हिस्की शिकून आलेला. दोघांनी मिळून यामाझाकी उभी केली आणि १९२९ ला शिरोफुदा नावाची पहिली व्हिस्की काढली, ती आपटली, कारण तिच्यात धूर फार होता आणि तिथल्या लोकांना तो सोसेना. ताकेत्सुरूचं म्हणणं स्कॉटलंडसारखीच झाली पाहिजे, तोरीईचं म्हणणं इथल्या जेवणाला आणि इथल्या जिभेला चालली पाहिजे. १९३४ ला ताकेत्सुरूने होक्काइदोमधल्या योइचीला जाऊन स्वतःची कंपनी काढली, तीच पुढे निक्का झाली. तोरीईने १९३७ मध्ये काकुबिन आणली, चौकोनी बाटलीतली, ती चालली आणि अजून चालतेय. युद्धानंतर तिकडे लोक व्हिस्की जेवणाबरोबर प्यायला लागले, मासे, भात, लोणचं यांच्याबरोबर, आणि मग त्रेचाळीस टक्क्यांची व्हिस्की तशीच पिणं शक्यच नाही, तर पाणी घालून प्यायचे, त्याला मिझुवारी म्हणतात. कित्येक वर्षं जपानमध्ये व्हिस्की प्यायची मुख्य पद्धत हीच होती.

म्हणून मी म्हणतो की जपानी ब्लेंड पाण्यात टिकेल असाच बांधलेला असतो. आपल्याकडे पाणी घातलं की "अरे, बिघडवलीस" असं म्हणणारा एक तरी शहाणा टेबलावर असतो, त्याला म्हणावं सनटोरीचे ब्लेंडर स्वतः पाणी घालून हुंगतात. व्हिस्कीच्या धंद्यात नमुने साधारण वीस टक्क्यांपर्यंत खाली आणून वास घेतात, कारण तिथे अल्कोहोलचा झणका खाली बसतो आणि लपलेलं सगळं वर येतं, चांगलं तसंच वाईटही.

आता प्रत्यक्ष. ग्लास जाड बुडाचा, रुंद तोंडाचा नको, त्यात वास पसरून जातो. ग्लेनकेर्न, म्हणजे व्हिस्की हुंगायचा वर निमुळता छोटा ग्लास, असेल तर उत्तम, नसेल तर वाइनचा छोटा ग्लास, वर थोडा निमुळता, चालतो. तीस एमएल ओता, जास्त नको. पहिल्यांदा बर्फ नको. आणि दहा मिनिटं तसाच ठेवा. मे महिन्यात मुंबई-पुण्यात खोलीत बत्तीस-तेहतीस असताना हे करू नका, गरम व्हिस्कीतून अल्कोहोलच आधी नाकात जातो आणि तुम्ही म्हणणार की यात काही नाही, जळजळ आहे. एसी लावून खोली जरा गार करा किंवा रात्री उशिरा बसा, बाटली फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका. जेवणात लसूण-कांदा झाला असेल तर दीड-दोन तास जाऊ द्या. घरात उदबत्ती लावलेली असेल तर ती विझवून, खिडक्या उघडून मग बसा, याला पुढे एक खास कारण आहे. मसाला शेंगदाणे, शेव, चिवडा हे सगळं नंतर, तिखट-मीठ जिभेवर असताना लिचीचा वास शोधणं म्हणजे स्वतःलाच फसवणं आहे. काही हवंच तर न खारवलेले बदाम.

वास घेताना नाक ग्लासात खुपसू नका, वाइनसारखं नसतं हे. ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड थोडं उघडं ठेवा आणि हळूच वर आणा. हनुवटीपाशी एक वास, ओठापाशी दुसरा, कडेला नाक लावलं की तिसरा. हार्मनीत मला सर्वात वर फुलासारखं आणि लिचीसारखं काहीतरी येतं, त्याखाली मध आणि संत्र्याची साखरेत मुरवलेली साल, आणि अगदी शेवटी लाकूड. कंपनी स्वतः गुलाब, लिची, थोडा रोझमेरी आणि चंदन असं लिहिते. तुम्हाला यातलं एकही नाव आलं नाही तरी काही बिघडत नाही, खरंच. नावांची यादी घेऊन बसलेले लोक ग्लासापेक्षा यादीच जास्त चाखतात. त्यापेक्षा एवढंच बघा की वरचा वास आणि खालचा वास यांच्यामधे रिकामी जागा लागते का. स्वस्त ब्लेंडमध्ये ती लागते, वर काहीतरी व्हॅनिलाचं आणि खाली कच्चं स्पिरिट, मधे काहीच नाही. हिबिकीत मधली जागा भरलेली आहे आणि ती भरायचं काम बहुतेक ग्रेन करतं.

घोट छोटा घ्या. पहिला घोट चवीसाठी नाहीच, तो तोंडाला सवय व्हावी म्हणून, पाच-सात सेकंद फिरवा आणि गिळा, काही ठरवू नका. दुसरा घोट जिभेवर ठेवा आणि जीभ टाळूला लावून हळू घासा. इथे चवीच्याही आधी जाडी बघायची, पातळ लागते की साय धरल्यासारखी. हार्मनी ४३ टक्क्यांची असूनही जरा तेलकट, मऊ लागते, तुम्ही ज्याला गुळगुळीत म्हणालात ते हेच. पण गुळगुळीत म्हणून तिथेच थांबू नका. तिच्यात गोडी आधी येते, मधाची आणि थोडी पांढऱ्या चॉकलेटची, मग साधारण मध्यावर संत्र्याच्या सालीचा किंचित कडवटपणा त्या गोडीला आवरतो, आणि गिळल्यावर कोरडं, मसालेदार लाकूड मागे राहतं. त्या मधल्या वळणावर लक्ष ठेवा. माझ्या मते ही बाटली तिथेच कमावते. गोडी अजून दोन सेकंद तशीच चालू राहिली असती तर ही व्हिस्की चिकट झाली असती.

आता लाकडाबद्दल, कारण हिबिकीचं नाव काढलं की लोक लगेच मिझुनारा मिझुनारा करतात. मिझुनारा हा जपानी ओक. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून पिंपं यायची थांबली तेव्हा नाइलाजाने होक्काइदोचा हा ओक वापरायला लागले. लाकूड त्रासदायक आहे, झाड पिंपालायक व्हायला दोनशे वर्षांच्या आसपास लागतात, सरळ वाढत नाही, गाठी फार, आणि सच्छिद्र असल्यामुळे पिंप गळतं. सुरुवातीला ब्लेंडरना त्याचा वास आवडलाही नव्हता, फार लाकडी वाटायचा. पण वर्षानुवर्षं मुरल्यावर, आणि तेच पिंप दुसऱ्या-तिसऱ्यांदा वापरल्यावर, त्यातून चंदन, ऊद, खोबरं असले वास यायला लागले. जपानी लोक त्याला देवळातल्या धुपाचा वास म्हणतात. आपल्याला हा वास वेगळा शिकवावा लागत नाही, सहाणेवर उगाळलेलं चंदन आणि सुकं खोबरं लहानपणापासून नाकात बसलेलं असतं, युरोपातल्या माणसाला इथे जे महिनोन्महिने लागतं ते आपल्याला एका संध्याकाळी सापडू शकतं. मघाशी उदबत्ती विझवा म्हटलं ते यासाठी. पण अपेक्षा बेताची ठेवा, हार्मनीत मिझुनाराचा हात हलका आहे, जाहिरातीत तो जेवढा दिसतो तेवढा ग्लासात नाही. तो हवाच असेल तर एक युक्ती आहे, पिऊन झाल्यावर ग्लास न धुता वर बशी झाकून ठेवा आणि सकाळी हुंगा. अल्कोहोल उडून गेलेला असतो, लाकूड आणि मध तेवढं राहतं.

आता पाणी. तीन ग्लास घ्या, तिन्हीत पंधरा-पंधरा एमएल ओता. एक तसाच. दुसऱ्यात ड्रॉपरने किंवा चमच्याच्या टोकाने पाच-सहा थेंब. तिसऱ्यात व्हिस्कीएवढंच पाणी, याला तिकडे ट्वाइस अप म्हणतात, म्हणजे साडेएकवीस टक्के, जवळजवळ ब्लेंडर हुंगतात तेवढंच. पाणी खोलीच्या तापमानाचं, बर्फ अजूनही नको. आणि पाणी कुठलं हेही बघा, जपानचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ आहे, आपल्याकडे बोअरचं जड पाणी घातलंत तर चव चपटी होते, त्यापेक्षा फिल्टरचं बरं.

थेंबांनी काय होतं त्याचं एक शास्त्रीय कारणही आहे. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून दाखवलं की अल्कोहोलचं प्रमाण जास्त असताना ग्वायाकॉलसारखे वासाचे रेणू अल्कोहोलमध्ये वेढले जाऊन आत राहतात, आणि पाणी वाढवून प्रमाण खाली आणलं की ते पृष्ठभागाकडे येतात. ग्वायाकॉल हा धुराच्या वासातला एक घटक, म्हणजे प्रयोग स्मोकी व्हिस्कीला जास्त लागू आहे, पण अनुभव सगळीकडे थोडाफार येतो. हार्मनीत थेंबांनी फुलं पुढे येतात आणि लाकूड मागे जातं. आणि तिसऱ्या, निम्म्या पाण्याच्या ग्लासात खरी परीक्षा. कच्चा ब्लेंड इथे उघडा पडतो, नेलपॉलिशसारखा किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो, चव मधूनच तुटते, शेवटी नुसता लाकडाचा कडवटपणा उरतो. हार्मनी इथे पातळ होते पण तुटत नाही, मध तसाच राहतो, संत्रं थोडं वाढतं, आणि हाकुशूचा तो हिरवा गारवा, जो पाणी न घालता पिताना मला जेमतेम लागतो, तो इथे स्पष्ट येतो. माझ्या वर्गात "काही कळत नाही" म्हणणारी बरीच मंडळी याच ग्लासापाशी पहिल्यांदा मान डोलावतात.

यानंतर मिझुवारी करा, आणि ती जेवणाबरोबरच करा. उंच ग्लास बर्फाने भरायचा, व्हिस्की ओतायची, आणि पाणी घालायच्या आधी चांगलं ढवळायचं म्हणजे व्हिस्की आणि ग्लास दोन्ही गार होतात. जपानी बारमध्ये साडेतेरा वेळा ढवळायचं अशी एक रीत सांगतात, मी मोजत नाही. बर्फ खाली गेला की वरून आणखी घालायचा, मग दोन ते अडीच पट गार पाणी आणि पुन्हा हलकं ढवळणं. यात बर्फ वाईट असेल तर सगळं संपलं. घरच्या फ्रीजरमधल्या बर्फाला शेजारच्या पाकिटातल्या बोंबलाचा नाहीतर आलं-लसूण पेस्टचा वास लागलेला असतो, आणि ज्या व्हिस्कीचं सगळं वैभव तिच्या नाजूकपणात आहे तिच्यात तो लगेच कळतो. झाकणाच्या डब्यात वेगळा बर्फ लावा, मोठे खडे, लवकर वितळत नाहीत. बरोबर खायला साधं वाफवलेलं किंवा कमी तिखट तळलेलं, रवा फ्राय सुरमई चालेल, झणझणीत रस्सा नाही, तिथे ही हरते.

हायबॉल म्हणजे सोडा घालून, एकास तीन-चार. २००८ नंतर जपानमध्ये व्हिस्कीचा खप पुन्हा उठला तो या हायबॉलवरच. पण हार्मनी हायबॉलमध्ये घालणं, एकदा करून बघायला हरकत नाही, नेहमीसाठी मला ते पटत नाही. सोड्याच्या बुडबुड्यात ते मधलं वळण, ज्याचे तुम्ही पैसे दिलेत, ते दिसतच नाही. त्यासाठी काकुबिन किंवा सनटोरीचाच दुसरा ब्लेंड टोकी घ्या, त्या त्यासाठीच केलेल्या आहेत, टोकी तर काही न मिसळता प्यायला मला अगदीच साधी लागते आणि सोड्यात तीच एकदम खुलते.

तुमच्यासारख्या माणसाला, ज्याला "सौम्य" ही तक्रार वाटते, तुलनेला दुसरी बाटली सुचवतो, निक्का फ्रॉम द बॅरल. १९८५ पासूनची, ५०० एमएलची बुटकी चौकोनी बाटली, ५१.४ टक्के. तीही ब्लेंडच आहे, माल्ट आणि ग्रेन एकत्र करून पुन्हा काही महिने पिंपात ठेवतात म्हणजे चवी एकमेकींत बसतात. हिबिकी जिथे वळते तिथे ही धडकते, लवंग, कॅरामल, ओक, सगळं दणकून. दोन्ही शेजारी ठेवून प्यायलात की तोरीई आणि ताकेत्सुरूचं भांडण नेमकं कशावर होतं ते वाचण्यापेक्षा लवकर कळतं.

पण इथे एक गोष्ट माहीत असू दे. जपानच्या व्हिस्की उत्पादकांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्वतःचे नियम आणले, आणि मार्च २०२४ च्या अखेरीपर्यंत जुळवून घ्यायला मुदत दिली. मोड आणलेलं धान्य वापरलंच पाहिजे, पाणी जपानचं, गाळणं जपानमध्ये, ७०० लिटरपर्यंतच्या लाकडी पिंपात जपानमध्येच किमान तीन वर्षं, बाटलीही तिथेच भरायची आणि किमान ४० टक्के, तरच जपानी व्हिस्की म्हणायचं. त्याआधी बाहेरून आणलेली व्हिस्की जपानमध्ये बाटलीत भरली तरी ती जपानी म्हणून विकता येत होती आणि लोक विकत होते. निक्का स्वतःच सांगते की फ्रॉम द बॅरल या व्याख्येत बसत नाही. स्कॉटलंडमधली बेन नेव्हिस डिस्टिलरी १९८९ पासून निक्काचीच आहे, म्हणजे बाहेरची व्हिस्की त्यांना घरातूनच मिळू शकते. माझ्या लेखी त्याने बाटलीची चव एका थेंबानेही कमी होत नाही, पण लेबलवर जपानी अक्षरं आणि सामुराई बघून कुठलीही बाटली उचलू नका. हिबिकी हार्मनी नियमात बसते. आणि आपल्याकडे जी ओकस्मिथ मिळते ती सनटोरीचे मुख्य ब्लेंडर शिंजी फुकुयो यांनीच बसवलेली आहे, पण ती स्कॉच माल्ट आणि अमेरिकन बर्बन भारतीय स्पिरिटमध्ये मिसळून केलेली आहे, जपानी व्हिस्की नव्हे. काही दुकानदार ती "जपानीच समजा" म्हणून गळ्यात मारतात, तसं काही समजू नका.

हार्मनीवर वय का लिहिलेलं नाही, हेही बरेच जण विचारतात, आणि त्यात लबाडी आहे का असंही. हिबिकी पहिल्यांदा १९८९ ला आली, सनटोरीला ९० वर्षं झाली म्हणून. पुढे १७, २१, ३० आणि १२ वर्षांच्या बाटल्या होत्या. झालं असं की जपानमध्ये व्हिस्कीचा खप १९८३ ला शिगेला पोचला आणि मग पंचवीस वर्षं उतरतच गेला, त्या काळात कोणी फार गाळून ठेवली नाही, आणि अचानक २००८ नंतर जपानमध्ये हायबॉल आणि परदेशात बक्षिसं, मागणी उसळली. सतरा वर्षांची व्हिस्की आज मागितली म्हणून आज बनवता येत नाही. त्यामुळे २०१५ मध्ये १२ बंद केली आणि त्याच वर्षी वय न लिहिलेली हार्मनी आली, आणि २०१८ मध्ये १७ ची विक्री थांबवली. ज्यांनी जुनी १७ प्यायली आहे ते हार्मनीला नावं ठेवतात आणि त्यांचं पूर्ण चूक नाही, १७ मध्ये शेवटचं लाकूड जास्त खोल होतं आणि जास्त वेळ राहायचं. पण १७ आता लिलावातल्या भावाने मिळते आणि त्या भावाला ती मी तरी कोणाला घ्या म्हणणार नाही. शिवाय रिकाम्या बाटल्या पुन्हा भरून विकायचे प्रकार चालतात, तेव्हा अनोळखी माणसाकडून "मित्राने जपानहून आणलीय" म्हणून घेऊ नका. भाऊ पुन्हा येणार असेल तर ड्यूटी फ्रीत दोन लिटरची मर्यादा आहे, त्यात हार्मनीची एक आणि फ्रॉम द बॅरलच्या दोन सहज बसतात.

मित्राला बोलवून एकत्र बसणार असाल तर क्रम सांभाळा. हिबिकी आधी, मग निक्का, आणि लॅफ्रोइग सगळ्यात शेवटी. उलट केलंत तर पीटचा धूर अर्धा तास जिभेवरून हटत नाही आणि पुढचं सगळं साखरपाणी लागतं, आणि मग मित्र म्हणणार बघ मी म्हटलं नव्हतं का. त्याला बाटली न दाखवता निम्म्या पाण्याचा ग्लास द्या, नाव ऐकल्याशिवाय काय बोलतो ते बघा.

बाटली उभी ठेवा, वाइनसारखी आडवी नाही, कारण आडवी ठेवली तर इतक्या टक्क्यांचं अल्कोहोल बूच खातं. ऊन लागेल अशा शोकेसमध्ये ठेवू नका, चोवीस पैलूंची काच दिसायला कितीही सुरेख असली तरी, उन्हाने रंग आणि वास दोन्ही उतरतात. खोक्यात घालून कपाटात राहू द्या. निम्म्याच्या खाली आली की सहा-आठ महिन्यांत संपवा, वरची हवा वाढत जाते तशी ती लिची आणि फुलंच आधी जातात, आणि मग उरलेली अगदीच साधी गोड व्हिस्की लागायला लागते.